कापलेली सहा मिनिटं

यंदा दिवाळी सरली आणि बीड रस्त्यावरच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या झाल्या. कापसानं ठासून भरलेले टेम्पो कडेकडेनं जाताना फांद्यांना घासतात आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका सोडून जातात. आडूळच्या पुढं तर दोन्ही बाजूंनी हा पांढरा मोहर लागतो. सकाळची एसटी, खिडकीतून येणारी गार हवा, मोसंबीच्या बागांना दिलेल्या पाण्याचा ओला वास आणि शेताशेतात ओळीनं वाकलेल्या बाया. डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, कमरेला पुढं बांधलेली, वेचलेला कापूस टाकायची ओटी. हात या बोंडावर, नजर पुढच्या बोंडावर. आणि त्यांतल्या कुणा एकीच्या गळ्यात दोरीला बांधलेली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, गाणी वाजवायची डबी. ती दिसली की मी अजूनही नजर वळवते.

एका हंगामात त्या डब्यांमधून आमचा आवाज यायचा. म्हणजे आवाज रेहानाआपांचा. माझी फक्त कात्री होती.

रेहानाआपा आमच्या मागच्या गल्लीत राहतात. पाचोडच्या आसपासच्या गावांमध्ये नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन शहरात आल्या. माझी आई पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा रोज इंजेक्शन द्यायला त्या घरी यायच्या. सुई टोचायच्या आधी गोष्ट सुरू करायच्या. कुठल्या गावची कोण बाळंतीण, पुरात अडकलेली जीप, जुळ्यांतलं दुसरं मूल आत आहे हे कसं कळलं. आईला सुई टोचलेली कळायचीच नाही. कापूस लावून दंड चोळता चोळता त्या उरलेली गोष्ट संपवायच्या आणि चहा न घेता निघायच्या. आई पुढं बरी झाली, काठी घेऊन चालायला लागली, पण आपांचं येणं थांबलं तर मलाच करमेना.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वर्गातली मुलं कानात इअरफोनची बोंडकं घालून काय काय ऐकत असतात ते मी पाहत होते. एक दिवस आपांना म्हटलं, "तुमच्या गोष्टींचा पॉडकास्ट करू या."

"म्हणजे काय गं?"

"रेडिओच. फक्त ज्याला जेव्हा ऐकायचं तेव्हा त्यानं लावायचं."

"आणि कुणी लावलंच नाही तर?"

मी हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

माझ्या झोपायच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करायचो. गाद्यागोधड्यांचं कपाट उघडं टाकायचं म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद. आपांच्या कपाळावर घाम यायचा, पदरानं टिपत त्या बोलायच्या. शेजारच्यांचा कुकर शिट्टी द्यायला लागला की दोघी गप्प बसायचो. अजान झाली की त्या डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटायच्या आणि संपली की अर्धं सोडलेलं वाक्य तिथूनच उचलायच्या. एकदाही त्यांनी "मी कुठं होते?" असं विचारलं नाही.

ॲपवर भाग चढवले. ऐकणारे किती, तर पुण्याची माझी मावसबहीण, परदेशातला तिचा मुलगा, माझ्या दोन विद्यार्थिनी आणि अशीच मोजकी मंडळी. आकडा महिनाभर जागचा हलेना. मग मी श्रोते कसे वाढवावेत यावर जे मिळेल ते वाचायला लागले. भाग आटोपशीर हवा. पहिल्या मिनिटात पकड हवी. आणि शेवट असा हवा, की माणूस क्षणभर जागेवर थांबला पाहिजे. मी आपांच्या गोष्टी कापायला लागले. त्यांच्या बोलण्यातले विसावे, "काय सांगू तुला" म्हणून घेतलेले श्वास, गोष्ट संपल्यावरही रेंगाळणारं बोलणं. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. नको ती लाट निवडायची आणि कळ दाबायची. मला त्यात एक प्रकारची गोडी लागली होती.

पाचव्या भागात आपांनी गयाची गोष्ट सांगितली. नाव अर्थात घेतलं नव्हतं.

गयाला आधीच्या दोन मुली. तिसऱ्या वेळी दिवस भरले होते तरी ती कापूस वेचायला गेली. बाजाराचा दिवस होता, गावात जीप नाही. शेतातच कळा सुरू झाल्या. आपा एका दूधवाल्याच्या सायकलवर मागं बसून पोहोचल्या, तेव्हा बायांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, दोन ओळींमध्ये लुगड्यांचा आडोसा केला होता. रक्त फार जात होतं. मूल बाहेर आलं ते निळसर, गप्प. मुलगी होती. गयानं मान वळवून विचारलं, "काय हाय?" कुणीतरी सांगितलं. त्यावर गया म्हणाली, "मग रडवू नका तिला. असंच राहू द्या."

आपांनी पोरीच्या तोंडातला चिकटा काढला, तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. पोर रडली.

इथं मी भाग संपवला. "ती म्हणाली, रडवू नका. मी रडवलं." आपांचा तो आवाज आणि मग शांतता. इतका चांगला शेवट मला आधी साधला नव्हता.

पुढची सहा मिनिटं मी कापली. त्यात काय होतं ते मला तोंडपाठ आहे, कारण कापताना मी ते तीनदा ऐकलं होतं. त्यात उशिरा आलेली जीप होती. रुग्णालयात गयाचे थंडगार पडलेले पाय होते. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येताच तिनं "कुठंय?" एवढंच विचारलं, पोरीला कुशीत घेतलं आणि तीन दिवस कुणाच्या हातात दिलं नाही. वजन करायला न्यायचं म्हटलं तरी तिच्या हाताची मूठ सुटेना. दूध उतरत नव्हतं, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं हात जोडले, हिला जरा पाजा म्हणून. आणि घरी जायच्या दिवशी आपांचा हात धरून ती म्हणाली, "नर्सबाई, मी जे बोलले ते हिला कधी कळू देऊ नका."

हे वाक्यही मी तीनदा ऐकलं होतं. नाव नाही, गाव नाही, ऐकणारे पुण्याचे. मी कळ दाबली.

डब्यांची कल्पना आपांची. "तुझे ते आकडे वाढायचे नाहीत," त्या एकदा म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी मी बोलते त्यांच्या हातात मोबाइल कुठंय? मोबाइल नवऱ्याच्या खिशात. बायांच्या गळ्यात डबी असते. त्या डबीत घाल."

मग आम्ही पाचोडच्या आठवडी बाजारात गेलो. मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, बैलांच्या घुंगरमाळा, आणि त्या सगळ्याच्या कडेला एका ताडपत्रीखाली सांडूभाऊंचं टेबल. मोबाइल दुरुस्ती करायचे आणि मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. आपांना त्यांनी लगेच ओळखलं. त्यांची दोन्ही मुलं आपांच्याच हातची.

"नर्सबाई, तुमच्यासाठी काय बी करतो," ते म्हणाले. "पण खरं सांगू का, लोकाला गाणी लागत्यात. नुसतं बोलणं कोण ऐकतंय?" मग कान खाजवत थोडा विचार केला. "असं करू. दोन भजनाच्या मधी तुमचा एक भाग घालतो. वेचताना हात मोकळा नसतो बायांचा, पुढं ढकलता येत नाय. ऐकत्यात बरोबर."

त्या आठवड्यांत मी जे शिकले ते कुठल्या लेखात वाचलं नव्हतं. फाइलीला मराठी नाव दिलं तर डबी ती ओळखत नाही, म्हणून आकडे द्यायचे. सुरुवातीचं संगीत काढून टाकायचं, कारण त्या छोट्या स्पीकरवर ते पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतं. उघड्या रानात वारा असतो, तेव्हा आवाज चढवायचा. आणि डबी एकदा बंद केली की चालू फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळं मोठा भाग कधी पुरा ऐकला जात नाही. त्याचे तुकडे करायचे.

सगळे भाग भरायला घेतले तेव्हा आपा म्हणाल्या, "तो पाचवा राहू दे. तिकडचीच आहे ती."

"आपा, नाव कुठंय त्यात?" मी म्हटलं. "आणि इतकी वर्षं झाली. कोण ओळखणार? आपला सगळ्यात चांगला भाग आहे तो."

आपा म्हणाल्या, "तुला कळतं त्यातलं."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्या बाळंतपणानंतर वर्षभरातच आपांची बदली झाली होती. मागं गावानं त्या पोरीला काय नाव ठेवलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरातलं नाव आरती, पण सगळं गाव तिला लाडानं 'पऱ्हाटी' म्हणायचं. कापसाच्या शेतात जन्मलेली म्हणून. नर्सबाई दुधाच्या सायकलवरून कशी आली, ही त्या गावात दर हंगामाला सांगितली जाणारी गोष्ट होती. फक्त त्यातलं एक वाक्य कुणी सांगत नव्हतं. त्या आडोशाच्या आत ज्या दोन-तीन बाया होत्या त्यांनी ते गिळून टाकलं होतं, वीस वर्षं.

मला एवढंच दिसत होतं, की श्रोते वाढताहेत. आकडा दिसत नव्हता, माणसं दिसत होती. बाजारात बाया सांडूभाऊंच्या टेबलापाशी थांबून विचारायच्या, "त्या नर्सबाईचं म्होरलं आलं का?" एका म्हातारीनं आपांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. एक सून हळूच म्हणाली, "तुमी ते अंगावरून जाण्याचं सांगितलं ना, मला बी तसंच होतंय," आणि आपा तिला घेऊन रसवंतीच्या मागं गेल्या, अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या. घरी येताना एसटीत आपा खिडकीशी बसायच्या. शेतांमधल्या बाया दिसल्या की म्हणायच्या, "बघ, ती ऐकत असेल. ती लाल रुमालवाली." मी इतकी खूश त्याआधी कधी होते ते मला आठवत नाही.

मग एका बाजारच्या दिवशी गया आली.

मी तिला ओळखत नव्हते. उंच, काळीसावळी, हातात रिकामी पिशवी. आपांच्या समोर येऊन उभी राहिली. "नर्सबाई, वळखलं का?"

"गया!" आपा उठल्याच. तिला मिठीत घ्यायला पुढं झाल्या. गया तशीच ताठ उभी राहिली. आपांचे हात तिच्या खांद्यांवर गेले आणि तिथंच थांबले.

"त्या दिवशी तुमी जिती ठेवली तिला," गया म्हणाली. "मग आता ह्ये का केलं?"

तिचा आवाज चढला नाही. शेजारी मिरच्यांचा सौदा चालू होता, त्यातही शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं सांगितलं ते असं. दुसऱ्याच्या शेतात आठ-नऊ जणी वेचत होत्या. नंदा नावाच्या एकीच्या गळ्यात डबी होती. भजन संपलं आणि आपांचा आवाज आला. गयाला तो ओळखू आला आणि आनंद झाला. तिनंच सगळ्यांना सांगितलं, ह्या आमच्या नर्सबाई. तिनंच शेजारच्या ओळीतल्या लेकीला म्हटलं, "ऐक गं, यांनीच तुला काढलं."

"आन मग गोष्ट निघाली," गया म्हणाली. "मला कळलं व्हतं आता काय येतंय. डबी नंदाच्या गळ्यात, ती चार पाती पलीकडं, लांबच्या वळीत. बंद कर म्हनू, तर सगळ्या इचारतील का म्हनून. कुठं पळू? पोर माझ्या शेजारीच वेचत व्हती. त्ये वाक्य आलं. आन लगेच दुसरं भजन लागलं."

आरतीनं हातातलं बोंड ओटीत टाकलं. दिवस मावळेपर्यंत वेचत राहिली. घरी येऊन जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, तू म्हनली व्हतीस का तसं?"

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

गयानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनू? गप बसले. तवापासून ती बी गप हाय."

ॲपवरून तो भाग काढायला एक बोट आणि एक क्षण लागला. पुण्यातल्या कुणाला कळलंही नसेल. सांडूभाऊंनी आपल्या कॉम्प्युटरमधून तो तिथल्या तिथं पुसला, पण मान हलवत म्हणाले, "मॅडम, कार्डाचं काय करणार? एकीचं दुसरीनं घेतलंय, दुसरीच्या नवऱ्यानं मोबाइलमधी वढलंय, त्यानं चौघांला धाडलंय. सांडलेलं पाणी हाय त्ये."

तरी आम्ही फिरलो. महिनाभर, कॉलेज नसेल त्या दिवशी, शेताशेतातून. नवं कार्ड द्यायचं आणि जुनं घ्यायचं. पायात ढेकळं, पऱ्हाटीच्या बोंडांची वाळकी टरफलं साडीला ओरबाडायची. काही जणी लगेच द्यायच्या. काही हसायच्या, "जुन्यात काय वाईट व्हतं?" एकीनं डबी मुठीत घट्ट धरली. "तो पोरीला रडवायचा भाग काढताय व्हय? त्योच तर खरा हाय. मला बी तिसरी झाली तवा मी हेच म्हनले व्हते. मला वाटायचं मीच एकली तसली." तिचं कार्ड आम्ही घेतलं नाही. आपा तिच्याजवळ बांधावर बसून राहिल्या आणि मी लांब उभी राहिले. त्या बाईचं बरोबर होतं आणि गयाचंही बरोबर होतं. चूक एकाच जागी होती, माझ्या कात्रीत.

आरतीला भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. बारावी झालेली, बारीक, आईसारखीच उंच. आपांकडं तिनं मान वर करून पाहिलं आणि सरळच विचारलं, "खरं हाय का त्ये?"

आपांना खोटं बोलता आलं असतं. ती दुसरी बाई, दुसरं गाव, असं म्हणता आलं असतं. आयुष्यात त्यांनी कितीतरी जणींना धीर देण्यासाठी तसं काही सांगितलंही असेल. पण त्या पोरीसमोर त्या उकिडव्या बसल्या, तिचा राखेनं भरलेला हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "खरं आहे, बेटा. ती तसं म्हणाली. आणि नंतर तीन दिवस तिनं तुला कुणाला हात लावू दिला नाही. वजनालासुद्धा देईना."

आरती हात सोडवून घेत म्हणाली, "मग त्ये का नाय सांगितलं त्याच्यात?"

आपा माझ्याकडं वळून पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. मी तिथंच उभी होते, दारातल्या तुळशीपाशी. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

त्यानंतर आरती पिशोरला मामाकडं गेली. शिवणाचा क्लास लावला, असं कळलं. संक्रांतीच्या सुमारास मी एकटी पिशोरला गेले. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं. ती सहा मिनिटं एका कार्डावर घेतली होती, सोबत एक नवी डबी. मामाच्या ओसरीवर आरती माझ्यासमोर बसली. मी तिला सगळं सांगितलं. कापलं ते मी, आपांनी नाही. नको म्हणत असताना भरलं तेही मीच. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"ह्याच्यात ते पुढचं आहे," मी डबी पुढं केली. "तुझ्या आईचं."

तिनं डबीला हात लावला नाही. "मॅडम, एकदा डबीतून ऐकलं," ती म्हणाली. "आता डबीतून नको. तिला सांगायचं असंल तर ती सांगंल."

परत येताना कन्नडच्या स्टँडवर मी खूप वेळ बसून होते. एकामागून एक गाड्या सुटत होत्या आणि मला उठवत नव्हतं.

आपांनी पुन्हा कधी रेकॉर्डिंग केलं नाही. मी विचारलंही नाही. अजून आम्ही भेटतो. त्या चहा करतात, गुडघ्यांचं सांगतात, सुनेच्या बदलीचं सांगतात, आईची चौकशी करतात. पण गोष्ट सांगत नाहीत. एकदा आईनंच म्हटलं, "रेहाना, ती पुरातल्या जीपची सांग ना." आपा हसल्या, म्हणाल्या, "विसरले हो मी." ज्या बाईनं कधी "मी कुठं होते?" असं विचारलं नाही, ती विसरले म्हणाली आणि बशीतला चहा फुंकत राहिली. त्या दिवशी मला कळलं, की मी फक्त एका मायलेकीचं बोलणं तोडलेलं नाही.

या हंगामात माझ्या पाचोडला जाण्याचं खरं कारण सांगायचं तर, सांडूभाऊंचा फोन आला. गया विचारत होती, ती कॉलेजवाली मॅडम कुठं भेटेल. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

ती दुपारच्या भाकरीला बसली होती, लिंबाच्या सावलीत, बाकीच्या बायांपासून थोडी बाजूला. केस पिकले होते. मला पाहून उठली नाही, पदरानं शेजारची जागा झाडली.

"सगळं हाय म्हनं तुमच्याकडं," ती म्हणाली. "न कापलेलं. आरतीच्या मामीनं सांगितलं."

"आहे."

"मला ऐकवा."

तिनं तो भाग एकदाच, चार पाती पलीकडून ऐकला होता. मी फोन काढला. इअरफोन तिच्या कानात नीट बसेना, तिनं तो बोटानं दाबून धरला. मी सुरू केलं. आपांचा आवाज मला ऐकू येत नव्हता, मी फक्त गयाचा चेहरा पाहत होते. सायकलीपाशी ती किंचित हसली. मग तिचा जबडा आवळला गेला आणि मला कळलं, ते वाक्य आलं. तिनं डोळे मिटले नाहीत. समोरच्या पऱ्हाटीकडं पाहत राहिली. पुढं बराच वेळ तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि मग अगदी शेवटी खालचा ओठ हलायला लागला. तिच्या मांडीवरची भाकर तशीच होती.

"मी म्हनले व्हते," ती म्हणाली. "खरंच म्हनले. पर मी तवा मरत व्हते, बाई. माझं सगळं रगत मातीत चाललं व्हतं. मला वाटलं, मी तर चालले, मागं हिचं कोण करंल? आधीच्या दोघीच वाऱ्यावर, त्यात ही तिसरी." तिनं नाक पुसलं. "मरणाऱ्या माणसाचं बोलणं कुणी धरून ठेवतं का?"

निसटून तिच्या मांडीवर पडलेला इअरफोन मी उचलला.

"एक चुकलंय नर्सबाईचं," ती म्हणाली. "तीन दिवस नाय. पाचवी पुजेपर्यंत मी तिला खाली ठेवलंच नव्हतं."

मग तिनं सांगितलं, माघात आरतीचं लग्न आहे. त्याच्या आत एकदा बोलायचंय. किती वेळा पिशोरला जाऊन आली, पोरीसमोर बसली, पण तोंडातून शब्दच निघत नाहीत. निघाले तर भलतेच निघतात, भाजी काय केली, अंगावर बारीक दिसतीस.

"मला नर्सबाईवानी सांगता येत नाय," ती म्हणाली. "कुठून धरायचं तेच कळत नाय. पुन्यांदा लावा."

मी पुन्हा लावलं. या वेळी ती मध्येच हात वर करायची आणि मी थांबवायचे. "काय म्हनल्या त्या? शुद्धीवर आल्यावर?" मी मागं नेऊन ऐकवायचे. ती पुटपुटायची, "डोळं उघडलं तर आधी तुलाच इचारलं... नाय. डोळं उघडलं आन म्हनलं, कुठंय..." अडायची, मान हलवायची. शेजारच्या बायांच्या भाकरी संपल्या. त्या ओट्या बांधत उठल्या, आपापल्या ओळीत शिरल्या. कुणीतरी हाक मारली, "गयाबाई, चला की!"

"व्हा तुमी म्होरं," तिनं मान न वळवता उत्तर दिलं, आणि कानातलं बोंडूक बोटानं घट्ट दाबून मला म्हणाली, "लावा."